अंगावर ऊन नेमकं किती पडतं ते वही-पेनने कसं मोजायचं: खान्देशातल्या घरांसाठी सविस्तर

माझ्या नानांच्या, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाच्या, नाकाच्या बाजूला एक काळपट दाणा होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, चकचकीत, आणि मधूनमधून त्याच्यावर खपली धरायची आणि टॉवेलने तोंड पुसताना ती निघून रक्त यायचं. सगळे म्हणायचे मस आहे. एका ठिकाणी दाखवलं तर मलम मिळालं, ते आठ महिने लावलं. शेवटी चर्मरोगवाल्या डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, केली तेव्हा निघालं बेसल सेल कार्सिनोमा, त्वचेचाच कॅन्सर, पण हळू वाढणारा, सहसा दुसरीकडे न पसरणारा. काढून टाकला, नाना आता बरे आहेत. पण डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. "रोज उन्हात किती वेळ असता?" नाना म्हणाले, "शेतकरी माणूस, दिवसभर." दिवसभर म्हणजे किती? चैत्रातलं दिवसभर की मार्गशीर्षातलं? ते कोणालाच सांगता येईना. त्या दिवसापासून मी वही सुरू केली, आधी नानांसाठी, मग घरातल्या सगळ्यांसाठी, आणि त्यातून जे कळलं ते इथे पायरीपायरीने लिहितेय.

आधीच एक गोष्ट सांगून टाकते, कोणी घाबरून जाऊ नये म्हणून. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत जे मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं ते चांगलं संरक्षण देतं, त्यामुळे गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर खूप कमी आढळतो. कमी म्हणजे नाहीच असं मात्र नाही. उन्हाला कॅन्सरचं कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९२ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, त्याच गटात तंबाखूही आहे. आणि आपल्याकडे निदान उशिरा होतं कारण संशयच येत नाही.

पहिली पायरी: गरमी आणि यूव्ही वेगळे करा

हे डोक्यात बसल्याशिवाय पुढचं काही मोजू नका. आपल्याकडे ऊन म्हणजे गरमी, पारा ४५ वर गेला की ऊन कडक. पण कातडीचं नुकसान करणारे अतिनील किरण, म्हणजे यूव्ही, हे ना दिसतात ना गरम लागतात. गरमी सगळ्यात जास्त दुपारी तीन-साडेतीनला असते कारण तोपर्यंत जमीन तापलेली असते, आणि यूव्ही सगळ्यात जास्त असतो सूर्य माथ्यावर असताना. मे महिन्यात चार वाजता लू चालू असते, बाहेर पाय ठेववत नाही, तेव्हा यूव्ही निम्म्याहून कमी झालेला असतो, आणि सकाळी साडेदहाला बरं वातावरण आहे म्हणून आपण आरामात बाहेर असतो तेव्हा तो दुप्पट असतो. हिवाळ्यात तर गारवा असतो म्हणून कोणी डोकंही झाकत नाही.

सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही हेही लक्षात ठेवा. भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, जळगाव त्याच्या सात अंश पश्चिमेला आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे खरी दुपार साधारण साडेबाराच्या आसपास होते. धुळे-नंदुरबारला अजून तीन ते पाच मिनिटं उशिरा.

दुसरी पायरी: तासातासाचा इंडेक्स मिळवा

यूव्ही इंडेक्स हा यूव्ही किती तीव्र आहे ते सांगणारा एक साधा आकडा आहे. २ पर्यंत कमी, ३ ते ५ मध्यम, ६-७ जास्त, ८ ते १० खूप जास्त, ११ आणि त्याच्या वर अतिशय जास्त. मोबाइलमधल्या बहुतेक हवामान ॲपमध्ये तासावार दिसतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बाकी संस्थांबरोबर काढलेलं सनस्मार्ट ग्लोबल यूव्ही नावाचं फुकट ॲपही आहे. एक सावधगिरी, मोबाइलच्या कॅमेऱ्याने यूव्ही मोजतो असं म्हणणारी ॲपं टाकू नका, साध्या मोबाइलला यूव्हीचा सेन्सरच नसतो.

ज्यांना रोज ॲप बघायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी मी सूर्याची उंची धरून एक अंदाज काढला आहे, कोरडं निरभ्र आकाश असेल तर चालतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासचा, म्हणजे एप्रिल शेवट ते मे: सकाळी ७ ते ८ ला १, ८ ते ९ ला ३, ९ ते १० ला साडेपाच, १० ते ११ ला ८, ११ ते १२ ला १०, १२ ते १ ला ११-१२, १ ते २ ला १०-११, २ ते ३ ला ८, ३ ते ४ ला साडेपाच, ४ ते ५ ला ३. डिसेंबरचा: ९ ते १० ला २, १० ते ११ ला ४, ११ पासून २ पर्यंत ६, मग २ ते ३ ला ४, ३ ते ४ ला २, ४ नंतर १. पावसाळ्यात मात्र अंदाज चालत नाही, ॲपच बघा, कारण पातळ ढगातून यूव्ही बराचसा खाली येतो आणि जुलैत ढग फुटले की सूर्य पुन्हा जवळजवळ माथ्यावरच असतो. तोरणमाळला गेलात तर थोडा वाढवा, हजार मीटर चढलं की साधारण १० टक्के वाढतो.

आणि काहीच हाताशी नसलं तर सावली. सपाट जागेवर उभं राहा, सावली तुमच्या उंचीएवढी असली की सूर्य ४५ अंशावर, इंडेक्स ५-६ धरा. सावली उंचीपेक्षा लांब असेल तर त्याहून कमी, आखूड असेल तर जास्त. डिसेंबरात भर दुपारी सुद्धा आपल्याकडे सावली जवळपास उंचीएवढीच असते, आणि मे च्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या जरा आधी ती पायाखाली गायबच होते. माझ्या भाच्याने अंगणात मुसळ उभं करून ते पाहिलं, कडेला रेघभर सुद्धा सावली नव्हती, त्याला इतकं नवल वाटलं की शेजारची पोरं बोलावून आणली.

तिसरी पायरी: आठवड्याची वही

एक साधी वही, चार रकाने: वेळ, जागा, अंगावर काय होतं, काय काम. रात्री जेवण झालं की पाच मिनिटं, त्याच दिवशी लिहायचं, उद्यावर टाकलं की माणूस विसरतो आणि अंदाजे ठोकून देतो. वर्षातून निदान तीन आठवडे लिहा: एक आखाजीच्या सुमारास, एक पेरणी-निंदणीच्या दिवसात, एक कापूस वेचणीच्या. एकच आठवडा लिहून वर्षाचा हिशोब करू नका, इथेच सगळे चुकतात.

छोटे तुकडे सोडू नका. बसस्टँडवर २० मिनिटं, पाण्याच्या टाकीवर, गाडीवरून शाळेत जाणं-येणं, गच्चीवर कपडे वाळत घालणं. आणि ज्याची वही आहे त्यालाच विचारा, त्याच्या वतीने दुसऱ्याने लिहू नका. आईला मी विचारलं तर ती म्हणाली, "मी कोठे उनमा जास, घरमाच ऱ्हास ना." तिला खरंच तसं वाटत होतं. मग मी माहेरी होते ते चार दिवस तिच्याबरोबर घड्याळ लावून बसले. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, टाकायचे दिवस होते. पहाटे चुलीवर ज्वारीचं शिजवून झालं, चहा झाला, आणि आठ वाजता ती गच्चीवर गेली, ओल्या धोतरावर एकेक बिबडा थापत. पांढरं धोतर, वरून ऊन, खाली वाकलेली मान, पदर कमरेला खोचलेला. अकराला खाली आली. परत एकला बिबडे पालटायला वर, वीस मिनिटं. आणि हे ती उन्हात धरतच नव्हती कारण हे घरातलं काम!

चौथी पायरी: गुणाकार

सूत्र सोपं आहे. इंडेक्स गुणिले तास गुणिले ०.९. जे उत्तर येईल त्याला एसईडी म्हणतात, तो उन्हाच्या डोसचा जगभर वापरला जाणारा माप आहे, जसं दुधाला लिटर. एक एसईडी म्हणजे एका चौरस मीटरवर कातडी लाल करू शकणारी १०० ज्यूल ऊर्जा. इंडेक्स १ असताना तासभर बसलं की ९० ज्यूल, म्हणून ते ०.९.

आईचा हिशोब बघा. ८ ते ९ ला ३, ९ ते १० ला साडेपाच, १० ते ११ ला ८, बेरीज साडेसोळा, गुणिले ०.९, म्हणजे १५ एसईडी. दुपारची वीस मिनिटं, ११ चा तिसरा हिस्सा गुणिले ०.९, अजून ३. एकूण १८. त्याच दिवशी बाबा शेतात ७ ते साडेदहा होते, त्यांचे आले १२. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं, तीनदा केलं, १८ आणि १२ च.

आता दुसरी बेरीज, ही तर अजून लक्षात ठेवण्यासारखी. मे मध्ये मजूर सकाळपाळीने ७ ते ११ काम करून घरी जातात, त्यांचे होतात १६ च्या आसपास. डिसेंबरात कापूस वेचायला बाया ९ ला येतात आणि ५ ला जातात, दुपारी तासभर कडुलिंबाखाली भाकरी खातात, तो तास निम्मा धरला तरी बेरीज होते २५. म्हणजे थंडीतला वेचणीचा दिवस मे मधल्या सकाळपाळीपेक्षा भारी पडतो! इंडेक्स निम्मा असतो पण तास दुप्पट असतात आणि ते तास नेमके दुपारचे असतात. थंडीत ऊन बाधत नाही हे मी लहानपणापासून ऐकत आले, या बेरजेनंतर मी ते म्हणणं सोडलं.

पाचवी पायरी: सावली, कपडे आणि अंगाचा भाग बघून कमी-जास्त करा

वरचा आकडा उघड्या आकाशाखाली सपाट पडलेल्या वस्तूचा आहे. माणूस सपाट नसतो. ताठ उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा साधारण तिसरा हिस्सा पडतो असं मी धरते, खांदे आणि कानांच्या वरच्या कडा यांना त्यापेक्षा जास्त, आणि वाकून काम करणाऱ्याची मान, पाठ आणि हाताचा वरचा भाग यांना जवळपास पूर्ण. हा काटेकोर आकडा नाही, पण कुठे बघायचं ते कळतं. आईच्या बाबतीत १८ मधले बहुतेक मानेवर आणि पंजावर.

सावलीचं असं आहे की यूव्हीचा मोठा भाग सरळ सूर्याकडून न येता सगळ्या आकाशातून विखरून येतो. त्यामुळे सावलीत उभं राहून वर बघा, आकाश किती दिसतं? बांधावरच्या एकट्या लिंबाखाली चारी बाजूंनी आकाश दिसतं, तिथे निम्मा धरा. माझी नणंद यावलकडे दिलेली आहे, त्यांच्या केळीच्या भरलेल्या बागेत आत गेलं की वर पानांचं छतच, तिथे खूप कमी, पण घड बाहेर काढून ट्रकजवळ भरणी चालते तिथे पूर्ण. म्हणून केळीत काम करतो एवढं लिहून भागत नाही, आत की बाहेर ते लिहा. जमिनीकडूनही उलटून येतं, वाळूवरून १५ टक्क्यांपर्यंत, गवतावरून त्याहून कमी.

कपड्याची परीक्षा उजेडात धरून करा, विणीतून उजेड आरपार दिसला तर किरणही आरपार जातात. वेचणीला बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात ना, ते उत्तम आहे, पण धुऊन धुऊन विरलेला शर्ट, आणि त्यात घामाने ओला, अर्धंच काम करतो. गांधी टोपी कपाळ आणि डोकं झाकते, कान-मान-नाक उघडंच. रुमाल कानावरून मानेपर्यंत घेतला तर खूप फरक पडतो. सनस्क्रीन मी वहीत धरतच नाही, कारण बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे संरक्षणाचा आकडा, जितका जाड थर लावून तपासलेला असतो तितका कोणीच लावत नाही, आणि दर दोन तासांनी परत लावावं लागतं. लावा जरूर, हिशोबात घेऊ नका.

ट्रॅक्टरच्या, एसटीच्या, ट्रकच्या ड्रायव्हरांसाठी वेगळी सूचना. जमिनीवर पोचणाऱ्या यूव्हीचे दोन प्रकार असतात, यूव्हीए आणि यूव्हीबी. काच यूव्हीबी अडवते पण यूव्हीए बराचसा सोडते, आणि इंडेक्स मुख्यतः यूव्हीबीवर बेतलेला असल्याने बंद काचेमागे हे सूत्र चालत नाही. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ट्रकवाल्याचा फोटो आला होता, २८ वर्षं गाडी चालवलेली, खिडकीकडचा अर्धा चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, दुसरा अर्धा बराचसा नीट. तिकडे डावी बाजू, आपल्याकडे उजवी. ड्रायव्हरांनी तास वेगळे लिहून ठेवावेत.

यंत्रं घ्यायची का? छातीवर लावायचे डोसमीटर असतात, संशोधक १९७० च्या दशकापासून पॉलिसल्फोन नावाच्या प्लास्टिकच्या पट्टीचे बिल्ले वापरत आलेत, किरणांनी ती पट्टी बदलते आणि नंतर प्रयोगशाळेत मोजतात. घरगुती कामाला गरज नाही. हातातला मीटर घेतलात तर तो सरळ यूव्ही इंडेक्स दाखवतो का ते बघा, नोटा तपासायच्या दिव्यासाठीचे मीटर पण त्याच नावाने विकतात. रंग बदलणारे मणी मुलांना दाखवायला छान, मोजायला नाही.

सहावी पायरी: आयुष्याचा हिशोब, आणि तो कातडीवर ताडून बघणं

आठवड्याच्या वहीतून वर्ष कळतं, पण कॅन्सरचा धोका दहा-वीस-चाळीस वर्षांत साठत जातो. म्हणून एका पानावर आयुष्याचे तुकडे करा: शाळेपर्यंत, लग्नापर्यंत, मग कामं बदलली तसे. प्रत्येक तुकड्यात वर्षाचे किती महिने बाहेर, रोज किती तास, दुपारचे होते का. नानांचं पान असं होतं: चौदाव्या वर्षापासून शेतात, दहा वर्षं सालदारकी, मग स्वतःची बटाईची जमीन, साठीपर्यंत दुपारचं पाणी भरायचं कधी चुकलं नाही. लहानपणी किंवा नंतर कधी कातडी लाल होऊन सोलून निघाली असेल तर ते वेगळं लिहा, कारण रोजचं साठणारं ऊन आणि अचानक भाजणं यांचा धोका वेगवेगळ्या प्रकारच्या कॅन्सरशी जोडलेला आहे.

मग दंडाची आतली बाजू आणि पंजाची वरची बाजू शेजारी धरा. आतली बाजू म्हणजे तुमची जन्माची कातडी. रंगातला, सुरकुत्यांतला, डागांतला फरक म्हणजे उन्हाचा जमाखर्च. डोळ्यातही बघा, बुबुळाकडे नाकाच्या बाजूने मांस वाढलेलं असेल तर तीही बहुधा वर्षानुवर्षं ऊन खाल्ल्याची खूण असते.

एसईडीचा आकडा कसा वाचायचा? खूप गोऱ्या, सहज भाजणाऱ्या कातडीला २-३ एसईडीत लाली येते. आपल्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त लागतं. पण लाली आली नाही म्हणजे नुकसान झालं नाही असं नसतं, पेशींमधल्या डीएनएला इजा त्याच्या आधीच सुरू होते आणि सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही नीट.

सातवी पायरी: आकड्यापलीकडचं विचारा

हा आकडा म्हणजे धोका नाही, धोक्याचा एक भाग आहे. काही माणसांना कमी ऊनही जास्त असतं: जन्मतः केस-कातडी पांढरी असलेली, म्हणजे अल्बिनिझमवाली, किडनी बदललेली आणि त्याच्या गोळ्या चालू असलेली. अल्बिनिझम असलेलं मूल घरात असेल तर त्याची वही आजच सुरू करा, शाळेतली पीटीची वेळ सुद्धा लिहा, आणि शिक्षकांशी बोला, हे मी अगदी हात जोडून सांगते. काही औषधांनी ऊन जास्त बाधतं, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, बीपीची हायड्रोक्लोरोथायझाइड वगैरे. गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांना विचारा.

आणि काही त्वचेचे कॅन्सर उन्हाचे नसतातच. सावळ्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा जास्त घातक कॅन्सर, बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, जिथे ऊन पोचत नाही. जुन्या भाजलेल्या व्रणावर, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवर होऊ शकतो. साडी किंवा धोतर कमरेला आवळून बांधल्याने तिथे काळपट चट्टा पडतो, त्यावर क्वचित होतो. म्हणून वहीत ऊन कमी आलं तरी अंग बघायचंच.

महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी: चेहरा, नाक, कान, खालचा ओठ (तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्की), मान, पंजे, कंबर, तळपाय, नखं. चार आठवड्यांत न भरलेली जखम, खपली धरून परत रक्त येणारा दाणा, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ, वेडीवाकडी कडा, नखात रुंद होत जाणारी काळी रेघ. यातलं काहीही दिसलं की मलमांवर महिने घालवू नका. बेसल सेल आपल्या कातडीवर बऱ्याचदा काळाच दिसतो, म्हणून तो मस वाटतो, नानांचं तेच झालं. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, चर्मरोगाची ओपीडी विचारा आणि वही बरोबर न्या. डागाचा फोटोही न्या, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढलेला, म्हणजे पुढच्या वेळी वाढला का ते कळेल.

आठवी पायरी: एक गोष्ट बदला आणि परत मोजा

सगळं ऊन बंद करायचं नाही, कोणाला जमणारही नाही, पोट शेतावर आहे आणि ड जीवनसत्त्वालाही थोडं ऊन लागतंच. वहीतला सगळ्यात मोठा आकडा शोधायचा आणि तेवढंच हलवायचं. वेचणीत आम्ही भाकरीची सुट्टी एकऐवजी बारा ते दीड केली आणि सकाळी अर्धा तास लवकर सुरू केलं, बायांची मजुरी तीच ठेवली, नाहीतर त्या ऐकणार नाहीत आणि का ऐकाव्यात.

आईचं यंदाच्या आखाजीला केलं. शिजवायचं तासभर आधी, वहिनी आणि मी हाताखाली, साडेसहाला गच्चीवर, नऊला सगळे बिबडे टाकून खाली. पालटायचं काम दुपारी एकऐवजी पाचला, ऊन उतरल्यावर. मानेवर बाबांचा मोठा रुमाल. संध्याकाळी वही उघडून बेरीज केली: साडेसहा ते सात जवळपास शून्य, मग १, मग ३, गुणिले ०.९, साडेतीनच्या आसपास, पाचचे मिळून ४ धरले. मागच्या वर्षीचं पान शेजारी ठेवलं, १८. आईने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं आणि विचारलं, कुरडयांचं पण असंच करता येईल का.